पृथ्वीप्रदक्षिणेचे विमान तिकीट : जास्तीत जास्त मैल पदरात पडतील असा मार्ग कसा आखावा

जगाला एक पूर्ण वळसा घालून पुन्हा आपल्याच देशात परतण्यासाठी विमान कंपन्यांच्या आघाड्या एकच सलग तिकीट देतात. मुलगा लंडनला, मुलगी टेक्सासमध्ये आणि एखादा वर्गमित्र सिडनीला, अशी स्थिती आज छत्रपती संभाजीनगर, लातूर वा नांदेडच्या पुष्कळ घरांत आहे. निवृत्तीनंतर या सगळ्यांकडे एकाच फेरीत जाऊन यायचे ठरले, तर सुटी सुटी परतीची तिकिटे काढण्यापेक्षा हे तिकीट सोयीचे पडू शकते. या लेखाचा रोख मात्र सोयीपेक्षा मैलांवर, म्हणजे विमान कंपन्या नियमित प्रवाशांना बक्षीस म्हणून देतात त्या गुणांवर, आहे : तोच खर्च करून, त्याच माणसांना भेटून, सदस्यत्वाच्या खात्यात जास्तीत जास्त मैल जमा होतील असा मार्ग कसा निवडावा, हे येथे पाहू.

त्यासाठी एकच गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते. तिकिटाची किंमत एका मापाने ठरते आणि मैल दुसऱ्या मापाने मिळतात. या दोन मापांत जेथे जास्तीत जास्त अंतर पडते, तेथे प्रवाशाचा फायदा असतो.

आघाड्यांचा अर्थ महाराष्ट्रात वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. विमानांच्या जगात आज तीन मोठ्या आघाड्या आहेत. १९९७ साली स्थापन झालेल्या स्टार अलायन्समध्ये लुफ्थान्सा, युनायटेड, सिंगापूर एअरलाइन्स आणि २०१४ पासून एअर इंडिया आहे. १९९९ साली सुरू झालेल्या वनवर्ल्डमध्ये ब्रिटिश एअरवेज, अमेरिकन, कॅथे पॅसिफिक, क्वांटास, जपान एअरलाइन्स आणि कतार एअरवेज आहेत. तिसरी स्कायटीम, आपल्या विषयासाठी पहिल्या दोनच महत्त्वाच्या आहेत. दोन्हींच्या नियमांचा सांगाडा सारखा आहे. अटलांटिक आणि पॅसिफिक हे दोन्ही महासागर ओलांडले पाहिजेत, पण प्रत्येकी एकदाच. दिशा एकदा पूर्वेची धरली की पूर्वेची, पश्चिमेची धरली की पश्चिमेची. प्रवास ज्या देशात सुरू झाला त्याच देशात संपला पाहिजे, एकूण टप्पे सोळापेक्षा जास्त होता कामा नयेत आणि सगळी फेरी किमान दहा दिवस ते कमाल एक वर्षात पुरी व्हावी. चोवीस तासांपेक्षा जास्त थांबलात तर तो मुक्काम धरला जातो, त्याहून कमी असेल तर केवळ विमानबदल.

फरक आहे तो किंमत ठरवण्याच्या पद्धतीत. स्टार अलायन्सचे तिकीट अंतराच्या पायऱ्यांवर चालते : २९,००० मैल, ३४,००० मैल, ३९,००० मैल अशा मर्यादा असतात आणि मर्यादा वाढली की किंमत वाढते. वनवर्ल्डच्या एक्सप्लोरर तिकिटाची किंमत मात्र अंतरावर नव्हे, तर आपण किती खंडांना स्पर्श केला त्यावर ठरते. तीन खंडांपासून सहा खंडांपर्यंत. एस.टी.च्या ‘आवडेल तेथे कोठेही प्रवास’ या पासावर जसे किलोमीटर कोणी मोजत नाही, तसाच हा प्रकार आहे. वनवर्ल्डचे ‘ग्लोबल एक्सप्लोरर’ नावाचे दुसरे, अंतरावर चालणारे तिकीटही आहे, तेव्हा एजंटाकडे चौकशी करताना कोणते हवे ते स्पष्ट सांगावे. तिकिटावरील भाड्याच्या संकेतावरूनही ते ओळखता येते. ‘डी-ओ-एन-ई-४’ असा संकेत असेल, तर ‘डी’ म्हणजे बिझनेस वर्ग आणि ‘४’ म्हणजे चार खंड. इकॉनॉमीसाठी पहिले अक्षर ‘एल’ असते आणि फर्स्ट क्लाससाठी ‘ए’.

नकाशा उघडण्याआधी मैलांचा कार्यक्रम निवडावा. बहुतेक जण उलटे करतात, मार्ग आधी ठरवतात आणि मैल कुठे जमा करायचे ते विमानतळावर काउंटरसमोर उभे राहून ठरवतात. नियमित प्रवाशांना मैल देण्याची पद्धत अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली मोठ्या प्रमाणावर सुरू केली, तेव्हा जितके उडाल तितके मैल असा सरळ हिशेब होता. तो आता सर्वत्र राहिलेला नाही. डेल्टा आणि युनायटेड यांनी २०१५ मध्ये, अमेरिकनने २०१६ मध्ये आणि ब्रिटिश एअरवेजने २०२३ मध्ये आपल्या तिकिटांवर अंतराऐवजी भाड्याच्या रकमेवर मैल देण्यास सुरुवात केली. प्रदक्षिणेच्या तिकिटात भाडे सोळा टप्प्यांपर्यंत विभागले जात असल्यामुळे रकमेवर चालणाऱ्या कार्यक्रमात पदरी फारसे काही पडत नाही. सुदैवाने अशा अनेक कार्यक्रमांत भागीदार कंपनीच्या उड्डाणांसाठी, तसेच विशेष भाड्यांसाठी, अंतर गुणिले वर्गाची टक्केवारी हा जुना हिशेब अजून चालतो. म्हणून प्रत्येक कार्यक्रमाच्या नियमांत दोन गोष्टी शोधाव्यात : भागीदार कंपन्यांचा तक्ता आणि विशेष भाड्यांबद्दलचे कलम. ती दोन पाने वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

भागीदारांच्या तक्त्यात प्रत्येक बुकिंग अक्षरापुढे, म्हणजे जागा कोणत्या वर्गात नोंदवली ते दाखवणाऱ्या अक्षरापुढे, टक्केवारी लिहिलेली असते आणि सगळा खेळ तेथेच ठरतो. इकॉनॉमीच्या ‘एल’ अक्षराला काही कार्यक्रम निम्मे मैल देतात, काही पाव देतात आणि काही अजिबात देत नाहीत. बिझनेसच्या ‘डी’ अक्षराला मात्र बहुतेक ठिकाणी पूर्ण अंतर आणि वर अधिक काही मिळते. माझे स्पष्ट मत असे की, केवळ मैलांसाठी इकॉनॉमीचे प्रदक्षिणा तिकीट काढण्यात अर्थ नाही. नातलगांना भेटण्यासाठी ते जरूर काढावे आणि मैल मिळतील तेवढे घ्यावेत. पण लेखात पुढे जी आखणी दाखवली आहे, तिचे खरे चीज बिझनेस वर्गातच होते.

मैल किती काळ टिकतात, हेही याच वेळी पाहावे. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर कार्यक्रमातील मैल ३६ महिन्यांनी बाद होतात. कॅथेच्या कार्यक्रमात १८ महिने आणि अमेरिकनच्या कार्यक्रमात २४ महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर मैल जातात. युनायटेडने २०१९ पासून ही मुदतच काढून टाकली. जो प्रवासी दर महिन्याला विमानात बसत नाही, आणि मराठवाड्यातील बहुतेक प्रवासी असेच असतात, त्याच्यासाठी पाच-दहा टक्के जास्त मैलांपेक्षा मुदतीचा प्रश्न मोठा आहे.

आता मार्गाकडे वळू. मुंबईहून निघून वनवर्ल्डच्या चार खंडांच्या तिकिटावर युरोप, उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि परत आशिया असा सरळ मार्ग असा होईल :

मुंबई – लंडन – न्यूयॉर्क – लॉस एंजेलिस – सिडनी – हाँगकाँग – मुंबई

वर्तुळमार्गाने, म्हणजे गोलावरील दोन बिंदूंमधल्या सर्वांत जवळच्या रेषेने, मोजले तर ही अंतरे अनुक्रमे सुमारे ४,४८०, ३,४५०, २,४७५, ७,४९०, ४,५८० आणि २,६७० मैल भरतात. बेरीज २५,१४५. विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर सुमारे २४,९०० मैल आहे, म्हणजे हा मार्ग जवळजवळ एका घेराएवढाच झाला. यात सोळापैकी केवळ सहा टप्पे वापरले गेले.

आता त्याच चार खंडांत, म्हणजे त्याच मूळ भाड्यात, दुसरा मार्ग पाहा :

मुंबई – लंडन – दोहा – लॉस एंजेलिस – न्यूयॉर्क – डॅलस – सिडनी – टोकियो – हाँगकाँग – मुंबई

वनवर्ल्डच्या नियमांत युरोप आणि मध्यपूर्व मिळून एकच खंड मानला जातो. खंडाच्या आत मागे-पुढे फिरण्यास मुभा असते. दिशेचा नियम खंडाखंडांमधल्या वाटचालीला लागू होतो. त्यामुळे लंडनहून ३,२५० मैल मागे दोह्याला येणे हा द्राविडी प्राणायाम वाटला, तरी भाड्याच्या दृष्टीने तो फुकट आहे. दोह्याहून लॉस एंजेलिसचे उड्डाण ८,३०० मैलांचे आहे, म्हणजे लंडन–न्यूयॉर्कच्या दुपटीहून कितीतरी अधिक, आणि नियमांच्या हिशेबात दोन्हींचे काम एकच : अटलांटिक ओलांडणे. अमेरिकेत पश्चिम किनाऱ्यावर उतरून पूर्वेला न्यूयॉर्कपर्यंत जायचे (२,४७५) आणि तेथून डॅलसला परतायचे (१,३९०). एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतचे थेट उड्डाण या तिकिटावर एकदाच घेता येते, म्हणून परतीच्या वाटेवर डॅलस मध्ये घातले आहे. शिवाय टेक्सासमधील लेक तेथेच भेटते. डॅलस–सिडनी हे क्वांटासचे उड्डाण ८,५८० मैलांचे, लॉस एंजेलिस–सिडनीपेक्षा हजारभर मैल जास्त. पुढे सिडनी–टोकियो ४,८६०, टोकियो–हाँगकाँग १,८०० आणि हाँगकाँग–मुंबई २,६७०. मुंबई–लंडनचे ४,४८० धरून एकूण बेरीज ३७,८०५ मैल होते.

मूळ भाडे तेच, खंड तेच, मात्र मैल साडेबारा हजारांहून अधिक वाढले. टप्पे नऊ झाले, म्हणजे अजून सात शिल्लक. बिझनेसच्या ‘डी’ अक्षरावर सव्वापट मैल देणारा कार्यक्रम धरला, तर सत्तेचाळीस हजारांच्या वर मैल खात्यात येतील. हाच मार्ग इकॉनॉमीतून निम्म्या टक्केवारीने केला, तर एकोणीस हजारांनाही थोडे कमी पडतील.

उरलेले टप्पे भरण्याचा मोह होतो. प्रत्येक खंडात चारपर्यंत आणि उत्तर अमेरिकेत सहापर्यंत टप्पे घेता येतात, त्यामुळे सिडनीहून पर्थला जाऊन यावे आणि आणखी चार हजार मैल मिळवावेत, असा विचार कोणीही करील. तो करताना दोन गोष्टी पाहाव्यात. प्रत्येक नव्या विमानतळाचा कर आणि कंपनीचा इंधन अधिभार वेगळा लागतो, आणि सोळा-सतरा तासांच्या उड्डाणांमध्ये शरीराला विसावा लागतो. साठीच्या पुढच्या जोडप्याने दोहा–लॉस एंजेलिस आणि डॅलस–सिडनी या दोन उड्डाणांमध्ये निदान आठवडा जाऊ द्यावा. मुलीकडे राहायचेच असते, तेव्हा यात तक्रारीला जागा नसावी.

स्टार अलायन्सच्या तिकिटावर हीच युक्ती चालत नाही, कारण तेथे लांबचे उड्डाण आपलीच मर्यादा खाते. तेथे कौशल्य असते ते पायरीच्या काठाला चिकटून राहण्याचे. मार्ग २९,२०० मैलांचा भरला, तर तो ३४,००० च्या पायरीचे भाडे मागेल आणि उरलेले ४,८०० मैल वाया जातील. अशा वेळी एक टप्पा कापून २९,००० च्या आत यावे किंवा मग वरची पायरी पुरेपूर वापरावी. रस्त्याने किंवा रेल्वेने पार केलेले अंतरही या मर्यादेत मोजले जाते, पण त्यावर मैल मिळत नाहीत. म्हणून युरोपात फ्रँकफर्टला उतरून रेल्वेने रोमला जाणे आणि तेथून पुढचे विमान धरणे हे मैलांच्या दृष्टीने दुहेरी नुकसान आहे. तिन्ही पायऱ्यांचे भाडे विचारून प्रत्येकाला मैलांनी भागावे; ज्या पायरीला मैलामागे सर्वांत कमी रुपये पडतात ती घ्यावी. अनेकदा ती सर्वांत वरची असेलच असे नाही.

भारतीय पारपत्रधारकाला व्हिसाचा विचार मैलांच्या आधी करावा लागतो. अमेरिकेत केवळ विमान बदलायचे असले तरी व्हिसा लागतो, कारण तेथे बाहेर न पडता एका आंतरराष्ट्रीय उड्डाणातून दुसऱ्यात जाण्याची सोय नाही. अमेरिकी व्हिसाची मुलाखत मिळण्यास वेळ लागत असेल किंवा तो नकोच असेल, तर दक्षिण गोलार्धातून फेरी पुरी करता येते : मुंबई – हाँगकाँग – सिडनी – सँटियागो – माद्रिद – दोहा – मुंबई. सिडनी–सँटियागो क्वांटासचे आणि सँटियागो–माद्रिद आयबेरियाचे उड्डाण आहे. पहिले सुमारे ७,०५० मैलांचे, दुसरे ६,६५० मैलांचे. सगळी फेरी साडेपंचवीस हजारांच्या थोडी वर जाते. येथे दिशा पूर्वेची आहे आणि खंड चारच आहेत. ऑस्ट्रेलिया, चिली आणि शेंगेन देशांचे व्हिसानियम मात्र स्वतंत्रपणे तपासावे लागतात.

फेरी कोठून सुरू करायची, हा प्रश्न मराठवाड्यातील माणसासाठी थोडा वेगळा आहे. संभाजीनगर, जालना, बीड येथून मुंबई सोयीची. नांदेड, लातूर, धाराशिव, हिंगोली येथून पुष्कळांना हैदराबाद अधिक सोयीचे. हैदराबादहून ब्रिटिश एअरवेज लंडनला, कतार दोह्याला आणि कॅथे हाँगकाँगला थेट जाते, त्यामुळे वरचा मार्ग तेथूनही जसाच्या तसा बसतो. स्टार अलायन्समध्ये प्रवास त्याच देशात संपला म्हणजे झाले, तेच शहर असण्याची सक्ती नाही. म्हणून मुंबईहून निघून हैदराबादला उतरता येते, आणि देवगिरी एक्स्प्रेस दोन्ही टोकांना जोडतेच. चिकलठाणा विमानतळाचा, म्हणजे आय-एक्स-यू या संकेताचा, टप्पा एअर इंडियाच्या उड्डाणाने स्टार अलायन्सच्या तिकिटात घालता येतो. पण मुंबईपर्यंतच्या पावणेदोनशे मैलांसाठी सोळातला एक टप्पा खर्च करणे मला तरी पटत नाही. वनवर्ल्डमध्ये भारतीय कंपनी नाही आणि इंडिगो कोणत्याच आघाडीत नाही, तेव्हा तेथे हा प्रश्नच येत नाही.

मुंबईपर्यंतचा प्रवास असा वेगळ्या तिकिटावर असेल, तर आदल्या दिवशी मुंबईत पोहोचावे. या तिकिटावरील टप्पे क्रमानेच वापरावे लागतात. पहिला टप्पा न कळवता चुकला, तर पुढचे सगळे टप्पे रद्द होऊ शकतात. रेल्वे चार तास उशिरा धावली, ही सबब लंडनच्या विमानापुढे चालत नाही. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे, म्हणून देशांतर्गत विमान नेमके कोणत्या विमानतळावर उतरते, तेही पाहून ठेवावे.

प्रदक्षिणेच्या तिकिटाचे भाडे सुरुवातीच्या देशानुसार बदलते, हे फार थोड्यांना माहीत असते. तोच मार्ग, तोच वर्ग, पण सुरुवात कोलंबोहून केली तर भाडे वेगळे निघू शकते. श्रीलंकन एअरलाइन्स वनवर्ल्डची सदस्य आहे आणि कोलंबो मुंबईहून लांब नाही. फरक किती, हे चलनांच्या दरांवर अवलंबून असल्याने त्या आठवड्याचे भाडे विचारूनच ठरवावे आणि त्यात कोलंबोला जाण्या-येण्याचा खर्च मिळवावा. भारतात तिकीट घेतल्यास वस्तू व सेवा कर इकॉनॉमीवर ५ टक्के आणि त्यावरच्या वर्गांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के आहे. बिझनेसच्या तिकिटावर ही रक्कम लहान नसते. लंडनला चोवीस तासांहून अधिक राहून पुढे उडाल्यास ब्रिटनचा प्रवासी कर लागतो आणि वरच्या वर्गात तो बराच जड असतो. मुलगा लंडनलाच असेल तर तो भरावाच लागेल, पण नसेल तर लंडनमध्ये केवळ विमान बदलावे आणि मुक्काम दुसरीकडे करावा.

नोंदणीच्या वेळी एका वहीत प्रत्येक टप्प्यासाठी पाच रकाने आखावेत : उड्डाण क्रमांक, प्रत्यक्ष विमान कोणाचे, बुकिंग अक्षर, अंतर आणि अपेक्षित मैल. दुसरा रकाना विशेष महत्त्वाचा आहे, कारण क्रमांक एका कंपनीचा आणि विमान दुसऱ्या कंपनीचे असा प्रकार नेहमी घडतो आणि मैल कोणत्या तक्त्याने मिळतील ते त्यावर ठरते. अंतर मोजण्यासाठी ग्रेट सर्कल मॅपर हे संकेतस्थळ पुरेसे आहे. ‘डी’ अक्षराची जागा नाही म्हणून एखादा टप्पा इकॉनॉमीत नोंदवला गेला, तर त्याची टक्केवारी लगेच घसरते; दोन दिवस पुढे-मागे करून तीच जागा मिळते का ते पाहावे. वरच्या दर्जाचे सदस्यत्व, म्हणजे लाउंज आणि जास्तीचे सामान, मिळवण्याचा विचार असेल, तर सगळी लांब उड्डाणे कार्यक्रमाच्या एकाच गणनावर्षात बसवावीत. तिकीट वर्षभर चालते म्हणून निम्मी फेरी नोव्हेंबरात आणि निम्मी फेब्रुवारीत केली, तर दोन्ही वर्षांत दर्जा थोडक्यात हुकण्याची शक्यता असते.

सदस्यत्वाच्या खात्यातील नाव पारपत्रावरील नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. आपल्याकडे पारपत्रात नावाच्या रकान्यात स्वतःचे नाव आणि वडिलांचे वा पतीचे नाव एकत्र असते, आडनाव वेगळे असते. खाते उघडताना मधले नाव गाळले, तर मैल आपोआप जमा होत नाहीत आणि नंतर पत्रव्यवहार करावा लागतो. सदस्य क्रमांक तिकीट काढतानाच प्रत्येक टप्प्यावर चढवून घ्यावा आणि दर विमानतळावर बोर्डिंग पासवर तो छापला आहे की नाही, ते रांगेतून बाजूला होण्याआधी पाहावे. घरी पोहोचल्यावरही बोर्डिंग पास टाकून देऊ नयेत. भागीदार कंपनीचे मैल जमा होण्यास काही आठवडे लागू शकतात, आणि एखादा टप्पा राहून गेला तर दावा करण्याची मुदत काही महिन्यांचीच असते. दाव्यासोबत तिकीट क्रमांक आणि बोर्डिंग पासचे छायाचित्र जोडावे लागते, म्हणून वहीतल्या पाच रकान्यांपुढे ‘जमा झाले’ असा सहावा रकाना ठेवून प्रत्येक टप्प्यापुढे खूण होईपर्यंत ते सर्व एका पाकिटात सांभाळावे.